गैरहजर लावा ना, मॅडम

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, "मॅडम, एवढी वर्षं हायस्कुलात काढलीत. मुलांचा शाळेतला दिवस कसा जातो, त्यावर लिहा की काहीतरी. हलकंफुलकं चालेल." आता हलकंफुलकं लिहायला मी काय तशी बाई आहे? मुलं मला माघारी 'लवंगी' म्हणायची. उंची कमी आणि तोंड तिखट. मला ते माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. तरी लिहायला बसले. पण जिथून सुरुवात करावी तिथून एकाच मुलीपाशी येऊन अडते. मग म्हटलं, तिचंच लिहावं. आधी शाळेचा दिवस सांगते, म्हणजे तिचं काय गेलं ते कळेल.

मी मूळची श्रीरामपूरजवळच्या बेलापूरची. नोकरी सगळी जामखेड तालुक्यातल्या एका गावात झाली. एकाच जिल्ह्याची ही दोन टोकं. माझ्या माहेरी पाटाचं पाणी आणि जिकडं बघावं तिकडं ऊस. तो ऊस तोडायला जी माणसं येतात, ती माझ्या शाळेच्या गावाकडून. नोकरी लागली तेव्हा वडील म्हणाले होते, "तिकडं पाण्याचे हाल गं, पोरी." पाण्याची सवय दोन वर्षांत झाली. दसरा झाला की वर्ग रिकामा व्हायला लागतो, त्याची मात्र शेवटपर्यंत झाली नाही.

शाळा अकराला भरते असं आपण म्हणतो. मुलांची शाळा त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते. आमच्याकडे दोन वस्त्यांवरची मुलं मुक्कामाच्या एसटीनं यायची. ती गाडी सकाळी सातला निघायची आणि त्यानंतरची एकदम दुपारी. म्हणजे पावणेआठला ही मुलं शाळेच्या ओट्यावर, आणि शिपाई कुलूप काढणार साडेदहाला. तोवर एकमेकांच्या वह्या उतरवायच्या, भांडायचं, डबा आत्ताच उघडावा की नाही याचा विचार करायचा. बऱ्याच जणांचा डबा तिथंच संपायचा. मुली त्याआधी घरी भाकरी थापून, हंडे भरून, धाकट्यांची तोंडं धुऊन आलेल्या असायच्या. आपण पहिल्या तासाला विचारणार, "काय गं, झोप झाली नाही का?" आणि ती नुसती हसणार. मला हे कळायला पाचेक वर्षं लागली. तोवर मी त्यांना आळशी म्हणत होते.

मग परिपाठ. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, बातम्या. उन्हात उभं राहून कुणीतरी चक्कर येऊन पडायचं, आणि ते बहुतेक न जेवता आलेलं असायचं. दुपारी खिचडी शिजते, तिचा वास सगळ्या वर्गांत जातो. पण खिचडी आठवीपर्यंतच. नववी-दहावीची मुलं तिला नाहीत. चौदा-पंधरा वर्षांची वाढत्या अंगाची पोरं वास घेत बीजगणित सोडवतात. मधल्या सुट्टीत धाकट्या भावाच्या ताटातला घास खाताना कुणी बघितलं तर पोरं लाजून मरतात. मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, कारण शाळेच्या संडासाला कडी नसते. जेवणानंतरच्या तासाला अर्धा वर्ग उघड्या डोळ्यांनी झोपतो. शेवटच्या तासाला सगळ्यांचे कान रस्त्याकडे, कारण पाच-दहाची गाडी चुकली तर चालत जायचं. या सगळ्यातून जो वेळ उरतो, त्यात आम्ही शिकवतो.

तरीही मुलं येतात. हट्टानं येतात. घरी त्यांना कुणी नावानं हाक मारत नाही, 'ए पोरी', 'ए बारक्या' एवढंच. शाळेत रोज एकदा पूर्ण नाव पुकारलं जातं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. मला वाटतं, काही मुलं तेवढ्यासाठीच येत असावीत.

तर हजेरी. वर्गशिक्षकाचं दिवसातलं पहिलं काम. हजेरीपत्रक म्हणजे जाड पुठ्ठ्याचं लांबोडकं पुस्तक, डावीकडे नावं, वर तारखा. मूल हजर असेल तर निळ्या पेनानं तिरकी रेघ. नसेल तर लाल पेनानं 'गै'. मग फळ्याच्या कोपऱ्यात वर्गाच्या मॉनिटरनं लिहायचं, पट इतका, हजर इतके. मी हजेरी मान वर न करता घ्यायची, कारण नुसत्या आवाजावरून मला कळायचं. कुणाला ताप आहे, कुणाच्या घरी रात्री मारहाण झाली, कोण दुसऱ्याच्या नावाला 'हजर' म्हणतंय. एका पोरानं एकदा मित्राच्या नावाला आवाज बदलून 'हजर' म्हटलं. मी म्हटलं, "उद्यापासून त्याचा गृहपाठही तूच कर, दोन्ही आवाजांत वाचून दाखव." वर्ग हसला. माझ्या हजेरीत खोटं खपत नाही, अशी माझी कीर्ती होती.

मुलांचं खोटं खपत नव्हतं, एवढंच. माझं स्वतःचं राजरोस चालायचं.

हे नीट सांगायला हवं. दसऱ्यानंतर आईबाप कारखान्याच्या भागात ऊस तोडायला जातात, ते उन्हाळा लागल्यावर परत येतात. काही मुलं मागं राहतात, काहींना घेऊन जातात. दहावीच्या परीक्षेला बसायचं तर वर्षभरात पंचाहत्तर टक्के हजेरी लागते. चार-पाच महिने उसात गेलेल्या पोराची ती कुठून भरणार? म्हणून आमच्याकडची पद्धत होती 'सांभाळून घ्यायची'. पोर गेलं तरी त्याच्यापुढं निळी रेघ. फेब्रुवारीत परत आलं, धडपडत चार गोष्टी शिकलं, तर निदान परीक्षेला बसेल. मुख्याध्यापकांना माहीत, आम्हाला माहीत, गावाला माहीत. वर्गाचा पट घटला तर तुकडी बंद होते आणि शिक्षक अतिरिक्त ठरतो, हेही सगळ्यांना माहीत होतं, पण ते कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. मी त्यातही हुशारी करायची. रोज गेलेल्यांपैकी एखाद-दोघांना आळीपाळीनं 'गै' लावायची, म्हणजे पान खरं वाटतं. या कामात मी वाकबगार होते हो. नवीन शिक्षक माझं पाहून शिकायचे.

दीपाली माझ्या दहावीच्या वर्गाची मॉनिटर. नाव बदललंय. काळीसावळी, हाडकुळी, एक वेणी कायम सुटलेली. गणितात तरबेज, आणि बोलायला माझ्यापेक्षा तिखट. तिचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जायचे, ती चुलतीकडे राहून शिकायची. त्या वर्षी दसरा झाला आणि अकरा मुलं गेली. पट बावन्न. पहिल्याच दिवशी दीपालीनं फळ्यावर लिहिलं, 'हजर ४१'. मी म्हटलं, "पूस ते. पन्नास लिही."

"पन मॅडम, एक्केचाळीसच हायेत. मी दोनदा मोजले."

"मी सांगते ना, पन्नास."

तिनं पुसलं, पन्नास लिहिलं. मग खडू हातात तसाच धरून म्हणाली, "मंग ती गेलेली पोरं कुटं गेली म्हनायची?"

वर्ग हसला. मी तिला टेबलाजवळ बोलावून हळू आवाजात समजावलं. तू परीक्षेला बसशील, त्यांनी बसू नये का? त्यांची नावं लाल केली तर त्यांचं वर्ष जाईल. तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "व्हय, मग बरोबर हाय." त्यानंतर रोज ती मला विचारून आकडा लिहायची. तिला आमचं गणित एका दिवसात कळलं होतं, आणि त्या अकरा जणांसाठी ती ते मुकाट्यानं लिहीत होती.

दिवाळीची सुट्टी संपून आठ दिवस झाले असतील. मधल्या सुट्टीत तिचे वडील शाळेत आले. दाराबाहेर चपला काढून उभे राहिले. म्हणाले, "मॅडम, हिच्या आईच्या हातावर कोयता बसलाय. टाके पडल्यात. भाकरी टाकायला कुनी न्हाई. पंधरा दिवसांत आनून सोडतो पोरीला."

मी माझ्या स्वभावाप्रमाणं चिडले. "दहावीचं वर्ष आहे. सुट्टीत नेता आली नाही का? चुलत्यांपैकी कुणी जाऊ शकत नाही का?"

"पंधरा दिस फकस्त. हजेरीचं तेवढं सांभाळून घ्या."

दीपाली दप्तर घेऊन दारात उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं. मी तिच्या वडिलांना म्हटलं, "बरं. पण पंधराव्या दिवशी मला ती वर्गात दिसली पाहिजे." त्यांनी हात जोडले. मला वाटलं, मी मोठं काम केलं.

पंधरा दिवसांचा महिना झाला. तिची चुलती म्हणायची, येईल आता. मी तिच्यापुढं रोज रेघ ओढत होते.

नाताळात मी चार दिवस बेलापूरला माहेरी गेले. श्रीरामपूरला काही खरेदी होती, परत येताना रिक्षा पाटाच्या रस्त्यानं आली. कडेला उसाचा फड चालू होता, पलीकडे तोडणीवाल्यांच्या पाचटाच्या झोपड्या, कोप्या म्हणतात त्या. डोक्यावर वाढ्याचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, भारा घेतलेली एक पोर रस्ता ओलांडत होती आणि रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. तिनं वळून बघितलं. दीपाली! अंगात वडिलांचा शर्ट, हाताला फडकी गुंडाळलेली, गाल पाचटानं ओरखडलेले. मी रिक्षा थांबवली.

"अगं, आईचा हात बरा झाला का?"

"झाला की कवाच."

"मग?"

भारा तसाच डोक्यावर. मी म्हटलं, "खाली ठेव की." तर म्हणाली, "परत उचलून द्यायला कुनी न्हाई."

मी घाईघाईनं तिला आनंदाची बातमी दिली. "हजेरीची काळजी करू नकोस. तुझी एकही रेघ चुकवलेली नाही मी. हॉल तिकीट येणार म्हणजे येणार."

तिनं मान थोडी वळवून माझ्याकडे बघितलं. भाऱ्यामुळं पूर्ण वळता येत नव्हतं. म्हणाली, "मॅडम, मला गैरहजर लावा ना."

"काय?"

"गैरहजर लावलं की शाळेतनं मानूस येतं ना घरी, पोरगी का येत न्हाई ते बघाया? तुमीच सांगितल्यालं. कुनीतरी आलं तर वडलांना जरा भ्याव वाटंल. इथं पाहुणे येऊन बसायला लागल्यात."

पाहुणे म्हणजे काय ते मला कळलं. न कळायला मी काय परदेशातून आले होते? नवराबायको मिळून एक कोयता धरतात. मुलाचं लग्न झालं की घरात एक कोयता वाढतो, मग सून किती वर्षांची आहे ते कुणी बघत नाही. मला कळलं आणि तरी मी म्हटलं, "येडी का काय तू? गैरहजर लावलं तर परीक्षेलाच बसता येणार नाही. मी बोलते तुझ्या वडिलांशी." वडील ट्रकबरोबर कारखान्यावर गेलेले होते. मी थांबले नाही. तिच्या आईला माझा फोन नंबर देऊन आले आणि माहेरी जाऊन हुरड्याच्या थालीपिठाचं जेवण जेवले. शाळेच्या गावी परतल्यावर पहिल्या दिवशी हजेरी घेतली. दीपालीपुढं रेघ ओढली.

जानेवारीतला शुक्रवार होता. पहिल्या तासाला हजेरी झाली, आणि मधल्या सुट्टीत अश्विनी माझ्याकडे आली. अश्विनी म्हणजे दीपालीच्या शेजारी बसणारी. रडून डोळे सुजलेले. म्हणाली, "मॅडम, दीपीचं लग्न लावलं. काल. तिकडं कोप्यांवरच. तिनं आईच्या मोबाईलवरनं फोन केलता. लई रडत हुती."

मी बाहेर जाऊन मुलांच्या मदतीसाठी जो सरकारी फोन असतो, तो लावला. गाव सांगितलं, फड कुठं आहे ते सांगितलं, मुलगी सोळा वर्षांची आहे हे सांगितलं. पलीकडून विचारलं, आपण कोण? मी म्हटलं, गावातली एक बाई. नाव सांगितलं नाही. तेव्हा मला ते शहाणपणाचं वाटलं.

माणसं खरंच गेली, हे त्यांचं कौतुक. रविवारी पोलीस आणि महिला-बालविकास खात्याच्या एक अधिकारी बाई कोप्यांवर पोचल्या. तिथं कुणी तोंड उघडेना. मंडप नाही, फोटो नाही, भटजी नाही. मुलाकडचे म्हणाले, आम्ही नुसते पाहुणे. एकट्या दीपालीनं सांगितलं, "गुरुवारी माझं लग्न लावलं. मला करायचं नव्हतं. मला दहावी द्यायचीय." बाईंनी तिला नगरला मुलींच्या वसतिगृहात नेऊन ठेवलं. मग तिचे वडील म्हणाले, "पोरगी खोटं बोलती. गुरुवारी ती शाळेत हुती. रविवारची सुट्टी म्हनून आईला भेटाया आली. शाळेत विचारा."

शाळेत विचारा. त्या माणसालाही आमचं हजेरीपत्रक माहीत होतं.

सोमवारी संध्याकाळी मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. आम्ही त्यांना मोठे सर म्हणत असू. सौम्य माणूस, आवाज कधी चढायचा नाही. म्हणाले, "उद्या त्या बाई येणार आहेत. गुरुवारची हजेरी बघायला." मी पान उघडून त्यांच्यापुढं ठेवलं. गुरुवार. दीपालीच्या नावापुढं निळी तिरकी रेघ. त्या दिवशी गैरहजर दाखवायची पाळी दुसऱ्याच मुलाची होती.

मी म्हटलं, "सर, ही रेघ खोटी आहे म्हणून सांगावं लागेल."

त्यांनी हजेरीपत्रक मिटलं. मग म्हणाले, "एक खोटी म्हटली की सगळ्या तपासतील. अकरा मुलांची हॉल तिकिटं यायची आहेत, मॅडम. तुमचं-माझं जाऊ द्या, पण त्या मुलांचं काय?"

मी घरी गेले. जेवले नाही. सारखं म्हणत होते, अकरा मुलं, अकरा मुलं.

मंगळवारी मोठ्या सरांच्या खोलीत आम्ही बसलो. अधिकारी बाई, एक हवालदार, दीपालीचे वडील, गावातले एक पुढारी. दीपाली बाईंच्या शेजारी खुर्चीच्या टोकावर. अंगावर वसतिगृहातला कुणाचा तरी ढगळ ड्रेस होता. बोटांच्या पेरांवर हळदीचा पिवळेपणा अजून होता. सगळ्यांना दिसत होता तो.

अधिकारी बाई मला म्हणाल्या, "मला फक्त एवढंच हवंय. गुरुवारी ती शाळेत नव्हती, असा कागद मिळाला तर तिचं म्हणणं टिकतं. मी तिला वसतिगृहात ठेवून घेईन, परीक्षेला स्वतः घेऊन येईन. कागद नसेल तर मला तिला वडिलांच्या ताब्यात द्यावं लागेल." इतकं स्वच्छ सांगितलं त्यांनी. मग हजेरीपत्रक उघडलं. ओळीवर पट्टी ठेवून बोट गुरुवारपर्यंत नेलं.

"ही हजेरी तुम्ही घेतलीत?"

"हो."

"नाव पुकारून?"

"हो," मी म्हटलं. नाव मी पुकारायचेच. उत्तर यायचं नाही, एवढंच.

त्या दीपालीकडे वळल्या. "बाळ, इथं तू हजर आहेस. मॅडमची चूक झालीय का? तसं असेल तर सांग, घाबरू नकोस. मी सगळं रजिस्टर तपासते. वर्गातल्या सगळ्या मुलांचं तपासते."

दीपालीनं मान वर केली. माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी बोलेन म्हणून ती थांबली होती, हे मला तेव्हाच कळत होतं. पंख्याचा आवाज येत होता. बाहेर आठवीचा खेळाचा तास चालू होता, पोरं ओरडत होती. मी हजेरीपत्रकाकडे बघत राहिले.

मग ती म्हणाली, "न्हाई. मॅडमचं बरोबर हाय. मी शाळेत हुते. लग्नाचं मीच खोटं सांगितलं."

अधिकारी बाईंनी तिला पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं. ती तेच म्हणाली. पुढारी म्हणाले, "आजकालची पोरं, काय सांगायचं." वडिलांनी डोळे पुसले. त्यांच्यावर मला राग धरता येईना, कारण खोलीतला सगळ्यात मोठा खोटा कागद मी लिहिला होता. बाईंनी जबाब लिहिला, दीपालीची सही घेतली. तिनं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. वडील पुढं आणि ती मागं, अशी दोघं फाटकातून बाहेर गेली.

हॉल तिकीट आलं. एकूण एक आलं. दीपालीचंही आलं, हजेरी भरलेली होती ना! मी ते घेऊन तिच्या चुलतीकडे गेले. चुलती म्हणाली, ती आता सासरी हाय, तिकडंच ऊस तोडती. मार्चमध्ये परीक्षा झाली. आमच्या केंद्रावर दुसऱ्या शाळेच्या पर्यवेक्षकांनी तिच्या बैठक क्रमांकापुढं लाल शेरा मारला, अनुपस्थित. त्या वर्षात तिच्याबद्दल कुणी खरं लिहिलं असेल तर त्या अनोळखी माणसानं. अकरा मुलांतली नऊ पास झाली. तो आकडा मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आले. निवृत्तीच्या समारंभात एक जण बोलताना म्हणाला, "मॅडमनी आमची दहावी वाचवली." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पाणी मागवलं.

त्यानंतरची वर्षं मी हजेरी खरी घेतली. लाल तर लाल. तिसऱ्या दिवशी घरी जायचं, फोन करायचे, भांडायचं. मोठे सर नाराज झाले, माझे सहकारी माझ्याशी बोलेनात. दोन मुलांचं वर्ष माझ्यामुळं गेलं, तेही खरं आहे. एका मुलीला मात्र परत आणता आलं. एवढं करून मन हलकं झालं का म्हणाल, तर नाही झालं.

हे लिहायचं ठरवलं तेव्हा मनाला बरं वाटेना. तिला न विचारता कसं लिहायचं? अश्विनी आता नगरला एका दवाखान्यात काम करते, तिच्याकडून नंबर घेतला. तीन दिवस फोन हातात घेऊन ठेवून दिला. चौथ्या दिवशी लावला.

"कोन बोलतंय?"

नाव सांगितलं. पलीकडं मागं एक लहान मुलगी कविता म्हणत होती, पुन्हा पुन्हा एकच ओळ. मग दीपाली म्हणाली, "बोला मॅडम." मी सगळं सांगितलं, अंकात लिहितेय, तू नको म्हणालीस तर फाडून टाकते. माफीही मागितली. ते शब्द मला नीट जमले नाहीत. एवढी वर्षं व्याकरण शिकवलं, पण एक वाक्य सरळ पूर्ण होईना.

तिनं सगळं ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही. मला वाटत होतं, चढवावा.

"लिवा," ती म्हणाली. "नाव तेवढं बदला, पोरगी शाळंत जाती माजी. बाकी समदं लिवा. पन मॅडम, मी खोटं बोलले ते त्या अकरा जनांसाठी. म्याच रोज फळ्यावर आकडा लिहीत हुते, मला समदं ठावं हुतं. मी कुनासाठी बोलले ते मला म्हाईत हाय. तुमी कुनासाठी गप बसला, तेवढं खरं लिवा."

मी म्हटलं, लिहिते.

अकरा मुलांसाठी, असं मी आजवर म्हणत आले. सरांपाशी म्हटलं, नवऱ्यापाशी म्हटलं, देवापुढंही म्हटलं. पण त्या खोलीत पट्टी गुरुवारवर थांबली तेव्हा त्या अकरांपैकी एकाचंही नाव माझ्या मनात आलं नव्हतं. हजेरी खोटी आहे म्हटलं असतं तर मी निलंबित झाले असते, आणि माझ्या निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. एवढंच मनात होतं. दीपाली, मी माझ्यासाठी गप्प बसले.